कालव्यातली जहाजविद्या

जहाजाची छोटी प्रतिकृती टाकीतल्या स्थिर पाण्यातून ओढायची, पाणी तिला किती जोराने अडवते ते मोजायचे आणि त्यावरून खऱ्या जहाजाला किती ताकद लागेल हे ठरवायचे, ही विद्या एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर आकाराला आली. बालाघाटच्या डोंगरापासून गोदाकाठापर्यंत पसरलेल्या बीड जिल्ह्याशी तिचा काही संबंध असेल, असे सहसा कोणाच्या मनात येणार नाही. इथे बंदर नाही, गोदी नाही आणि वर्षातले बरेच महिने नदीत नाव चालेल इतके पाणीही नाही. तरीही या जिल्ह्यातल्या कालव्याचा विसर्ग ज्या नियमाने मोजला जातो, गोदावरीचा वेग ज्या यंत्राने कळतो आणि पुलाच्या खांबाचा पाया किती खोल न्यायचा याचा अंदाज ज्या प्रयोगांतून आला, त्या तिन्ही गोष्टी जहाजाच्या याच विद्येशी बांधलेल्या आहेत. हे नाते समजून घेतले नाही, तर पाणी मोजणे हे आपल्याला कारकुनी काम वाटत राहते. माझे म्हणणे असे की, बीडसारख्या अवर्षणग्रस्त जिल्ह्याच्या पाणीहक्काचा पाया या मोजणीत आहे, आणि तिचा इतिहास ठाऊक असल्याशिवाय तिची किंमत कळत नाही.

या इतिहासाची सुरुवात समुद्रात झाली नाही, ती एका अरुंद कालव्यात झाली. 1834 मध्ये स्कॉटलंडमधील एडिंबरोजवळच्या युनियन कालव्यात जॉन स्कॉट रसेल हे अभियंते घोड्यांनी ओढल्या जाणाऱ्या नावेचे निरीक्षण करत होते. नाव अचानक थांबली, पण तिच्या नाळेपाशी साचलेली पाण्याची उंच राशी थांबली नाही. ती एकटी लाट होऊन कालव्यातून पुढे निघून गेली. रसेल यांनी घोड्यावरून तिचा मैलभराहून अधिक पाठलाग केला. पुढच्या प्रयोगांतून त्यांना दिसले की, अशा लाटेचा वेग मुख्यतः पाण्याच्या खोलीवर अवलंबून असतो. उथळ पाण्यातील लाटेचा वेग खोलीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो, हे गणिताने लाग्रांज यांनी आधीच दाखवले होते. एक मीटर खोल पाण्यात हा वेग सेकंदाला सुमारे 3.13 मीटर येतो. नाव याहून हळू चालते तेव्हा तिने उठवलेली लाट तिच्या पुढे पळू शकते. नाव या वेगाच्या जवळ आली की स्वतःच उठवलेल्या पाण्याचा चढ तिला चढावा लागतो आणि विरोध झपाट्याने वाढतो. आणि घोड्यांनी तिला या वेगाच्या पुढे नेले, तर लाट मागे पडून ओढणे हलके होते. वाहत्या वस्तूचा वेग आणि लाटेचा वेग यांच्या गुणोत्तरात सारे रहस्य आहे, हा धडा कालव्याने जहाजाला दिला. पुढे जहाजाने तो कालव्याला परत केला.

हा धडा नियमात बांधण्याचे काम विल्यम फ्रूड यांनी केले. 1810 साली डेव्हन परगण्यात जन्मलेले फ्रूड रेल्वेच्या कामात अभियंते ब्रुनेल यांचे सहकारी होते, आणि जहाजे लाटांवर का डोलतात या प्रश्नातून ते नौकाशास्त्राकडे वळले. 1867 च्या सुमारास त्यांनी ‘स्वान’ आणि ‘रेव्हन’ या नावांच्या दोन आकारांच्या प्रतिकृती तीन, सहा आणि बारा फूट अशा तीन मापांत बनवल्या आणि त्या डार्ट नदीच्या पाण्यात ओढून पाहिल्या. रेव्हनची टोके निमुळती, स्वानची गोलसर. कमी वेगाला रेव्हन सरस ठरली, वेग वाढल्यावर स्वानने तिला मागे टाकले. यातून दोन गोष्टी सिद्ध झाल्या. एक म्हणजे सर्व वेगांना उत्तम असा कोणताही एक आकार नसतो. दुसरी याहून मोलाची होती. लहान प्रतिकृती आणि मोठी प्रतिकृती यांच्या वेगांचे प्रमाण लांबीच्या वर्गमुळाइतके ठेवले, तर दोघींभोवती उठणारा लाटांचा नकाशा हुबेहूब सारखा दिसतो. शंभर मीटर लांबीचे जहाज सेकंदाला 10 मीटर वेगाने जाणार असेल, तर त्याची चार मीटरची, म्हणजे 25 पट लहान प्रतिकृती पाचपट हळू, सेकंदाला 2 मीटर वेगाने ओढायची. मग लाटा उठवण्यात खर्च होणारा विरोध 25 च्या घनाने, म्हणजे 15,625 ने गुणला की मोठ्या जहाजाचा अंदाज मिळतो. असाच विचार फ्रान्समध्ये रीश यांनी आधी मांडला होता. प्रयोगशाळेत रोज वापरता येईल अशा पद्धतीत तो फ्रूड यांनी उतरवला.

त्या काळातल्या जाणत्यांनी ही गोष्ट सहज मान्य केली नाही. 1869 मध्ये ‘ब्रिटिश असोसिएशन’ या विज्ञानसंस्थेच्या समितीने प्रतिकृतींवर विसंबू नये, खरी जहाजे ओढूनच विरोध मोजावा असा कल दिला, आणि समितीचे सदस्य असलेल्या फ्रूड यांनी त्यावर आपले वेगळे मत नोंदवले. प्रतिकृतींवर अविश्वास दाखवणाऱ्यांत खुद्द स्कॉट रसेल आघाडीवर होते. त्यांचा आक्षेप पोकळ नव्हता. त्याआधीच्या शतकभरात प्रतिकृतींवर पुष्कळ प्रयोग झाले होते आणि त्यांतले बरेचसे निष्कर्ष मोठ्या जहाजाला लागू पडले नव्हते. कारण पाणी जहाजाला दोन तऱ्हांनी अडवते: लाटा उठवण्यात ताकद जाते आणि पृष्ठभागाशी होणाऱ्या घर्षणात जाते. लाटांचा नियम आणि घर्षणाचा नियम एक नाही. पुढे ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी 1883 मध्ये प्रवाहाच्या स्वरूपाविषयी जे दाखवले, त्या भाषेत बोलायचे तर घर्षण सारखे राहावे म्हणून 25 पट लहान प्रतिकृती 25 पट वेगाने ओढावी लागेल. लाटा सारख्या राहाव्यात म्हणून तीच पाचपट हळू ओढावी लागते. एकाच पाण्यात दोन्ही अटी एकदम पाळणे अशक्य आहे.

फ्रूड यांनी ही अडचण लपवली नाही, तिचे दोन भाग केले. 1870 मध्ये ब्रिटिश नौदल खात्याने दोन हजार पौंड मंजूर केले आणि टॉर्कीजवळ त्यांच्या घराशेजारी सुमारे 278 फूट लांबीची टाकी उभी राहिली. त्या टाकीवरून रुळांवर चालणारी गाडी मेणाच्या प्रतिकृती ओढत असे आणि विरोधाची नोंद आपोआप कागदावर उमटत असे. याच टाकीत त्यांनी लांब फळ्या वेगवेगळे लेप देऊन ओढल्या आणि घर्षणाचा हिशेब स्वतंत्रपणे बांधला. प्रतिकृतीच्या एकूण विरोधातून तिचे घर्षण वजा करायचे, उरलेला विरोध लाटांच्या नियमाने वाढवायचा आणि त्यात मोठ्या जहाजाचे घर्षण नव्याने मिळवायचे, अशी ही पद्धत. तिची परीक्षाही त्यांनी टाळली नाही. 1871 मध्ये ‘ग्रेहाउंड’ हे खरे युद्धजहाज ‘ॲक्टिव्ह’ या दुसऱ्या जहाजाने समुद्रात ओढवून त्यांनी दोरावरचा ताण मोजला आणि प्रतिकृतीवरून काढलेल्या आकड्यांशी ताडून पाहिला. दोन्हींचा मेळ बसला. प्रतिकृती फसवतात हा आक्षेप आजही धरणांच्या आणि नद्यांच्या प्रतिकृतींवर घेतला जातो, आणि त्याचे उत्तर याच घटनेत आहे. प्रतिकृती कोणत्या बाबतीत खरे सांगते आणि कोणत्या बाबतीत सांगत नाही, हे आधी ठरवणारा आणि शेवटी खऱ्या मापाशी ताडून पाहणारा मनुष्य फसत नाही. न ताडलेला आकडा मात्र प्रतिकृतीतून आलेला असो की सरकारी नोंदवहीतून, त्यावर विश्वास ठेवण्याचे कारण नाही.

आता महाराष्ट्राकडे वळू. 1916 मध्ये मुंबई इलाख्याच्या सरकारने पुण्यात सिंचनासाठी एक विशेष विभाग उघडला. दख्खनचे दुष्काळ, कालव्यांवरच्या पाण्याची नासाडी आणि कालव्याखालच्या जमिनी पाणथळ होऊन खराब होणे, हे प्रश्न त्याच्यापुढे होते. म्हणजे आज खडकवासल्याला केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र म्हणून जी संस्था जगभर ओळखली जाते, तिचा जन्म अवर्षणाच्या चिंतेतून झाला. 1936 मध्ये ती केंद्र सरकारकडे गेली. तिला मोठे करणारे अभियंते म्हणजे क्लॉड इंग्लिस, जे पुढे इंग्लंडमधील वॉलिंगफर्डच्या जलसंशोधन संस्थेचे संचालक झाले. खडकवासल्याच्या जलाशयाखाली असल्यामुळे पंप न लावता मोठा प्रवाह मिळे, आणि उघड्या माळावर नद्यांच्या मोठमोठ्या प्रतिकृती बांधता येत. स्वातंत्र्यानंतर या संस्थेच्या कामात बंदरे आणि जहाजांची जलगतिकीही आली. पण त्याच्या कितीतरी आधी जहाजाचा नियम इथे पोचलेला होता. उघड्या पृष्ठभागाच्या प्रवाहात गुरुत्वाकर्षणाचे राज्य चालते, म्हणून सांडव्याची किंवा नदीच्या वळणाची प्रतिकृती फ्रूड यांच्याच नियमाने चालवावी लागते. एकास पंचवीस मापाच्या सांडव्यात एक क्युसेक पाणी सोडले, तर ते खऱ्या सांडव्यावरच्या 3,125 क्युसेकच्या बरोबरीचे असते. हा हिशेब जहाजाच्या टाकीतून आला.

इंग्लिस यांचे जे काम बीडच्या शेतापर्यंत आले, ते मात्र याहून साधे दिसते. 1928 मध्ये त्यांनी कालव्यावर पाणी मोजण्यासाठी ‘स्टँडिंग वेव्ह फ्ल्यूम’ या रचनेवर मुंबई सार्वजनिक बांधकाम खात्यासाठी तांत्रिक निबंध लिहिला. कालव्याचा एक तुकडा पक्का बांधून काढायचा, त्याची रुंदी मध्ये आवळायची आणि तळ थोडा उचलायचा, एवढीच ही रचना. आवळलेल्या गळ्यात पाण्याला वेग घ्यावा लागतो. तो वाढत वाढत त्या खोलीवरच्या लाटेच्या वेगाइतका होतो, म्हणजे ज्या गुणोत्तराला आज फ्रूड यांचे नाव आहे ते बरोबर एक होते. त्यापुढे पाणी लाटेहून वेगाने उतरते आणि खालच्या बाजूला एका जागी खळबळ करत उभी राहिलेली लाट दिसते. या क्षणाचे महत्त्व असे की, खालच्या बाजूची कोणतीही खबर लाटेच्या रूपाने वर जाऊ शकत नाही, कारण प्रवाह लाटेहून वेगवान आहे. खाली कोणी चारी उघडली काय किंवा बंद केली काय, गळ्यातले पाणी त्याने बदलत नाही. म्हणून वरच्या बाजूला भिंतीवर एक पट्टी लावून पाण्याची एकच उंची वाचली की विसर्ग कळतो. फिरते यंत्र नको, वीज नको, वाचायला अभियंताही नको. रसेल यांच्या नावेपुढची लाट आणि फ्ल्यूमच्या खाली थांबलेली लाट एकाच नियमाची लेकरे आहेत. एकीत वस्तू पाण्यातून जाते, दुसरीत पाणी बांधकामावरून जाते.

मात्र या साधेपणाला कडक अटी आहेत, आणि त्या कळल्या नाहीत तर यंत्र असूनही मोजणी खोटी पडते. फ्ल्यूममधला विसर्ग उंचीच्या दीडव्या घाताच्या प्रमाणात वाढतो. म्हणून उंची वाचण्यात जितके टक्के चूक, त्याच्या दीडपट चूक विसर्गात येते. पट्टीचा शून्य दोन सेंटिमीटरने चुकला आणि पाण्याची उंची 40 सेंटिमीटर असली, तर चूक साडेसात टक्क्यांच्या घरात जाते. तीच दोन सेंटिमीटरची चूक 20 सेंटिमीटर उंचीवर झाली, तर पंधरा टक्क्यांच्या आसपास पोचते. मुख्य कालव्यावर जी चूक दुर्लक्ष करण्याजोगी, तीच शेपटाकडच्या लहान वितरिकेवर शेतकऱ्याचे पाणी खाऊन टाकते. दुसरी अट खालच्या बाजूची. गाळ साचला, बेशरम उगवली किंवा कोणी पाणी अडवले, म्हणजे खालचे पाणी फुगते, उभी लाट बुडते आणि वरची पट्टी प्रत्यक्षाहून जास्त विसर्ग दाखवू लागते. कागदावर पूर्ण आवर्तन, शेतात अर्धे पाणी, या नेहमीच्या तक्रारीमागे नेहमी लबाडीच असते असे नाही. बुडालेला फ्ल्यूमही तोच परिणाम घडवतो. त्याचा निर्णय तर्काने होत नाही, फ्ल्यूमपाशी जाऊन लाट दिसते की नाही हे पाहून होतो.

ही विद्या बीडला उशिरा मिळाली, आणि त्याला राजकीय कारण होते. 1916 मध्ये पुण्यात काम सुरू झाले तेव्हा बीड हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होते. निजामाच्या राज्यात मोठे जलसिंचन झाले नाही असे नाही. बीडच्याच पाटोदा तालुक्यात उगम पावणाऱ्या मांजरा नदीवर 1923 ते 1931 या काळात निजामसागर बांधले गेले. पण ते खाली तेलंगणात, आणि त्याचे पाणीही तिकडचेच. मुंबई इलाख्यातील नीरा, मुठा, प्रवरा यांच्या खोऱ्यांत कालव्यांबरोबर मोजणीची शिस्त वाढत असताना बीडचा शेतकरी विहिरीवर आणि पावसावर होता. सप्टेंबर 1948 मध्ये हैदराबाद मुक्त झाले, 1956 मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात. गोदावरीवरच्या जायकवाडी धरणाचे भूमिपूजन लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते ऑक्टोबर 1965 मध्ये झाले आणि फेब्रुवारी 1976 मध्ये इंदिरा गांधी यांनी धरणाचे उद्घाटन केले. म्हणजे मोठ्या कालव्याचे पाणी आणि ते मोजण्याची रीत या दोन्ही गोष्टी बीडच्या वाट्याला पश्चिम महाराष्ट्राच्या दोन पिढ्यांनंतर आल्या.

इथे एक आक्षेप येतो आणि त्यात बीडचा न्याय्य अभिमान आहे. बीड शहराजवळची खजाना बावडी सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात, अहमदनगरच्या मुर्तजा निजामशहाच्या काळात सलाबतखानाने बांधवली आणि तिची रचना राजा भास्कर यांनी केली असे सांगतात. जमिनीखालच्या बोगद्यांतून पाणी आत येते, दुसऱ्या बोगद्याने ते बलगुजार भागातल्या शेतीकडे जाते आणि विहिरीतली पातळी फारशी हलत नाही. फ्रूड यांच्या तीनशे वर्षे आधी बीडमध्ये हे कळत होते, मग परक्यांच्या टाकीचे कौतुक कशाला, असे कोणी विचारील. खजाना बावडीमागची बुद्धी थोरच होती. येणारे आणि जाणारे पाणी यांचा तोल राखायचा तर बोगद्यांचा उतार आणि निकासाची उंची नेमकी साधावी लागते; पातळी थोडी वर आली की निकास वाढतो, खाली गेली की घटतो, आणि रचना स्वतःला सावरते. पण हे ज्ञान त्या एका वास्तूत बंदिस्त राहिले. तसल्याच दुसऱ्या जागी किती पाणी मिळेल, याचा आकडा राजा भास्कर यांच्यानंतर कोणाला काढता आला नाही, कारण नियम लिहून ठेवलेला नव्हता. कोकणातल्या गलबतांच्या सुतारांचेही असेच. त्यांचा हात अचूक होता, पण हात गेला की माप गेले. प्रतिकृतीच्या विद्येचे मोठेपण असे की, तिने कारागिराची समज कोणालाही तपासता येईल अशा आकड्यात आणली. ती परकी असेल, पण तिने खजाना बावडीचा अपमान होत नाही. खजाना बावडीसारखे काम पुन्हा करण्याची वाट तिच्यातूनच जाते.

आज बीड जिल्ह्यात या मोजणीवर किती गोष्टी अवलंबून आहेत ते पाहा. पैठणच्या नाथसागरातून, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयातून, निघणारा 132 किलोमीटरचा उजवा कालवा गेवराई, माजलगावकडे येतो आणि सिंदफणेवरच्या माजलगाव धरणाला पाणी देतो. तिथून पुढे कालव्यांचे जाळे आहे. केज तालुक्यातल्या धनेगावच्या मांजरा धरणावर लातूर शहरही अवलंबून आहे, आणि 2016 मध्ये ते कोरडे पडल्यावर लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. परळीचे औष्णिक वीज केंद्र 2013 मध्ये पाण्याअभावी बंद ठेवावे लागले. शेती, शहर आणि वीज या तिघांत पाणी वाटायचे, तर किती पाणी कोणत्या दिशेने गेले याचे माप हवे. शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाच्या 2005 च्या राज्य कायद्याने पाणी वापर संस्थांना घनमापन पद्धतीने, म्हणजे मोजून पाणी देण्याचे तत्त्व मान्य केले. एकरावर आकारलेली पाणीपट्टी भरणाऱ्याला किती पाणी मिळाले हे विचारता येत नव्हते. घनमापनाने ते विचारता येते. पण कायद्याने दिलेला हा हक्क प्रत्यक्षात फ्ल्यूमच्या त्या एका पट्टीवर उभा आहे. पट्टी पुसली, गळा फुटला, गाळ साचला, की हक्क कागदावर उरतो.

कालव्यात फ्ल्यूम बांधता येतो; गोदावरीसारख्या नदीत येत नाही. तिथे पाण्याचा वेग मोजणारे यंत्र उतरवावे लागते. छोट्या वाट्यांचे किंवा पात्यांचे चक्र प्रवाहात फिरते, आणि ठरावीक वेळेत किती फेरे झाले यावरून वेग काढतात. पात्राच्या रुंदीचे भाग पाडून प्रत्येक भागात पृष्ठभागापासून सहा-दशांश खोलीवर, किंवा दोन-दशांश आणि आठ-दशांश अशा दोन खोलींवर वेग घेतात आणि क्षेत्रफळाने गुणून विसर्ग काढतात. पण चक्राच्या एका फेऱ्याला किती वेग मानायचा? हे ठरवण्यासाठी खडकवासल्यात एक लांबच लांब टाकी आहे. तिच्यावरून रुळांवर गाडी धावते, तिला टांगलेले यंत्र स्थिर पाण्यातून माहीत असलेल्या वेगाने ओढले जाते आणि त्यावरून त्याचे कोष्टक तयार होते. पाणी थांबलेले आणि वस्तू चाललेली, की वस्तू थांबलेली आणि पाणी चाललेले, दोन्हींचा परिणाम सारखाच, या तत्त्वावर फ्रूड यांची टाकी उभी होती; त्याच तत्त्वावर ही उभी आहे. रूळ, गाडी, स्थिर पाणी आणि मोजमाप, सारी रचना तीच. फक्त गाडीखाली मेणाच्या जहाजाऐवजी मापकाचे चक्र आहे.

यंत्र खोल पाण्यात उतरवताना जहाजाच्या आकाराचा प्रश्नही परत येतो. पुराच्या प्रवाहात तार वाहून तिरकी होऊ नये म्हणून यंत्राखाली शिशाचे वजन टांगतात. हे वजन माशासारखे निमुळते घडवलेले असते, कारण बोथट आकाराला पाणी जास्त अडवते. तरीही तार थोडी वळतेच, आणि पाण्यात गेलेल्या तारेची लांबी खऱ्या खोलीहून जास्त भरते. म्हणून तिरकेपणाच्या कोनावरून दुरुस्ती करावी लागते. ती केली नाही तर नदी आहे त्याहून खोल आणि पूर आहे त्याहून मोठा वाटतो. पुलांचेही तसेच. खांबाभोवती वळणारे पाणी नांगरलेल्या जहाजाभोवती वळणाऱ्या पाण्याचे भावंड आहे. खांबाच्या पुढच्या तोंडाशी ते खाली झेपावते आणि तळ खरवडून काढते. बंगालमधील हार्डिंग पुलाच्या संरक्षणासाठी इंग्लिस आणि जोगळेकर यांनी खडकवासल्यात प्रतिकृतींवर प्रयोग करून 1936 मध्ये निबंध प्रसिद्ध केला. हे डी. व्ही. जोगळेकर पुढे या संस्थेचे संचालक झाले. देशात पुलांच्या पायाजवळची खरवड आजही याच धाटणीच्या विचाराने धरली जाते, आणि शहागडपाशी गोदावरी ओलांडून बीडकडे येणारा प्रत्येक ट्रक त्या विचारावर भरवसा ठेवून येतो.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप राजकीय आहे. मराठवाड्याचा प्रश्न मोजणीचा नाही, न्यायाचा आहे. वरच्या धरणांत पाणी अडवले जाते आणि खाली येत नाही, तिथे फ्ल्यूम काय करणार, असे पुष्कळ जण म्हणतील. या म्हणण्यातले दुःख खरे आहे, निष्कर्ष मात्र उलटा आहे. गोदावरी खोऱ्यातील समन्यायी वाटपासाठी मेंढेगिरी समितीने 2013 मध्ये अहवाल दिला. सप्टेंबर 2014 मध्ये महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने आदेश दिला, आणि 2016 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात समन्यायी वाटपाचे तत्त्व टिकले. ऑक्टोबरच्या मध्याला जायकवाडीचा उपयुक्त साठा 65 टक्क्यांहून कमी असेल तर वरून पाणी सोडावे, हा त्याचा गाभा. म्हणजे मराठवाड्याला मिळालेला न्याय टक्क्याच्या रूपात आहे, आणि टक्का मोजणीतून येतो. पाणी सोडण्याची वेळ आली की वाद पेटतो तो वाटेतल्या गळतीवर: वरून इतके सोडले, खाली इतकेच पोचले, मधले कुठे गेले? वर आणि खाली, दोन्ही ठिकाणी विश्वासार्ह माप असेल तरच या प्रश्नाला उत्तर आहे. राजकारण मोजणीला बगल देऊ शकते, हे मान्य. पण मोजणी नसेल तर राजकारणाला बगल देण्याचीही गरज पडत नाही. दुबळ्या पक्षाला माप अधिक लागते. बलवान पक्षाचे अंदाजावरही भागते.

आणखी एक आक्षेप नव्या काळाचा आहे. आता ध्वनिलहरींवर चालणारी आणि रडारवर चालणारी यंत्रे आली, संगणकावर नदीचा पूर मांडता येतो. मग शंभर वर्षांपूर्वीच्या फ्ल्यूमचा आग्रह का? नवी साधने यावीत, आणि मुख्य कालव्यांवर, धरणांच्या विमोचकांवर त्यांचा उपयोग मोठा आहे. पण संगणकातल्या प्रवाहालाही घर्षणाचे आणि गोंधळलेल्या पाण्याचे गुणांक बाहेरून द्यावे लागतात, आणि ते बरोबर आहेत की नाही हे शेवटी खऱ्या पाण्यावर ताडावे लागते. जहाजबांधणीतही संगणक आल्यानंतर प्रतिकृती ओढण्याच्या टाक्या बंद झाल्या नाहीत; विशाखापट्टणमची नौदल संशोधनाची टाकी आजही वापरात आहे. शिवाय फ्ल्यूमचा एक गुण नव्या यंत्रात नाही. त्याची पट्टी आणि त्याचे कोष्टक चारीवरचा शेतकरी, पाटकरी आणि शाखा अभियंता एकाच वेळी उभे राहून वाचू शकतात. ज्या मापावर दोन पक्षांचा वाद आहे, ते दोघांना दिसले पाहिजे. बंद पेटीतल्या आकड्यावर फार तर विश्वास ठेवता येतो. त्याची खातरजमा करता येत नाही.

फ्रूड यांच्या टाकीपासून माजलगावच्या वितरिकेपर्यंतच्या या वाटचालीचा निष्कर्ष एकच आहे. मोजणीला अधिकार मिळतो तो परीक्षेतून, आणि परीक्षा उघड असावी लागते. ग्रेहाउंड समुद्रात ओढले गेले नसते, तर टॉर्कीचे आकडे एका हौशी माणसाचे आकडे राहिले असते. बीडच्या कालव्यांवरचे आकडे त्या परीक्षेला उतरले पाहिजेत. म्हणून जिल्ह्यातल्या प्रत्येक पाणी वापर संस्थेने आवर्तन सुरू होण्यापूर्वी चार मागण्यांचा ठराव करावा आणि तो जलसंपदा खात्याकडे लेखी द्यावा: आपल्या वितरिकेच्या तोंडाशी असलेल्या फ्ल्यूमचा गळा आणि पट्टीचा शून्य संस्थेच्या प्रतिनिधीसमोर तपासावा; उंचीवरून विसर्गाचे कोष्टक मराठीत तिथेच भिंतीवर रंगवावे; फ्ल्यूमखालचा गाळ आणि झाडोरा काढावा; आणि आवर्तनातल्या एका दिवशी वेगमापक यंत्राने विसर्ग मोजून फ्ल्यूमच्या आकड्याशी ताडावा. या मागण्यांना मोठा निधी लागत नाही, नवा कायदाही लागत नाही. हक्काचे पाणी मागताना हातात आकडा असावा, एवढीच ही मागणी आहे, आणि ती करण्याचा अधिकार संस्थांना आजच आहे.